रोज नवा मुक्काम, पण कुत्र्यांनी धावायचे कुठे?

पत्राचा सारांश: पन्नाशी ओलांडलेल्या एका जोडप्याने नोकऱ्या सोडून टेम्पो ट्रॅव्हलरचे फिरते घर करून घेतले आणि गेले वर्षभर ते त्यातच राहून देशभर प्रवास करीत आहेत. सोबत चार वर्षांचा लॅब्राडॉर आणि नऊ वर्षांची गावठी कुत्री आहे. मुक्काम जवळजवळ रोज बदलतो. दर रविवारी दोघांना साबण लावून आंघोळ घातली जाते, कधी नदीवर, कधी पेट्रोलपंपाच्या नळावर. तरीही लॅब्राडॉर सतत खाजवतो, त्याचा एक कान लाल झाला आहे, मानेवर औषधाचे थेंब टाकूनही गोचीड सापडतात आणि गाडीत वास भरून राहतो. मोकळे मैदान रोज मिळत नाही, म्हणून तो रात्री अस्वस्थ होऊन भुंकतो. मागच्या एप्रिलमध्ये एका गावच्या घाटावर धुणे धुणाऱ्या बायकांनी त्यांना चांगलेच सुनावले. यजमानांचे म्हणणे असे, की दोन्ही कुत्री साताऱ्याजवळ भावाच्या शेतावर ठेवावीत. पत्र लिहिणाऱ्या बाईंना ते पटत नाही, पण ‘आमच्या हौसेपायी मुक्या जिवांचे हाल होताहेत का’, हा विचार त्यांची पाठ सोडत नाही.

नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना दोन गोष्टी तुम्ही धरूनच चालला आहात असे जाणवले. एक म्हणजे, कुत्रा स्वच्छ राहायचा तर त्याला आठवड्याला आंघोळ घातलीच पाहिजे. आणि दुसरी, मोकळे मैदान मिळाले नाही म्हणजे त्या दिवशी व्यायाम झालाच नाही. बंगल्यात किंवा फ्लॅटमध्ये राहणारी माणसेही असेच मानतात, पण तिथे पाणी, गच्ची आणि जवळचे डॉक्टर असल्यामुळे ते खपून जाते. तुमच्या गाडीत खपत नाही. शेतावर ठेवायचे की प्रवास थांबवायचा, हा प्रश्न त्यामुळे मी शेवटी घेते. त्याआधी या दोन समजुती तपासल्या तर प्रश्नाचा आकार बराच लहान होईल, असे मला वाटते.

आधी आंघोळ. लॅब्राडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: वरचा राठ आणि आतला दाट, मऊ. दोन्हींवर तेलकट अंश असतो आणि तो पाणी आत शिरू देत नाही. दर रविवारी साबण लावला की हे तेल निघून जाते, कातडी कोरडी पडते आणि खाज सुटते. त्यातही माणसांचा साबण किंवा शाम्पू वापरत असाल तर तो आजच बंद करा, कारण माणसाच्या त्वचेचा आम्ल-गुण कुत्र्याच्या त्वचेपेक्षा बराच जास्त असतो आणि आपल्यासाठी बनवलेली साधने कुत्र्याला मानवत नाहीत. वासाचे कारणही बहुधा आंघोळीतच आहे. पुढच्या वेळी आंघोळीनंतर तासाभराने त्याच्या पाठीवरून हात फिरवून पाहा. वरून केस कोरडे लागतील, पण बोटे मुळापर्यंत घातलीत की गार ओल हाताला लागेल. ती ओल घेऊन तो बंद गाडीत, त्याच अंथरुणावर झोपतो. म्हणजे तुम्ही वास जावा म्हणून जे करता, त्यातूनच वास येत राहतो. निरोगी लॅब्राडॉरला महिना-दीड महिन्यातून एक आंघोळ पुरते. आखूड केसांच्या गावठी कुत्रीला त्याहूनही कमी. आठवड्याला धुवायची गोष्ट असेल तर ती त्यांची अंथरुणे आणि गाडीतले पायपुसणे.

गोचिडांचा प्रश्नही याच रविवारशी जोडलेला असू शकतो. मानेवर टाकायचे थेंब कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतात, म्हणून थेंब टाकण्याआधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ घालू नये असे त्या औषधांच्या वेष्टनावर लिहिलेले असते. तुम्ही शनिवारी थेंब टाकून रविवारी आंघोळ घातली असेल, तर औषध नदीत गेले, गोचीड कुत्र्यावर राहिले. वारंवार पाण्यात जाणाऱ्या कुत्र्यांसाठी पोटात द्यायच्या गोळ्या मिळतात, त्यांवर पाण्याचा परिणाम होत नाही. मात्र कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगितले पाहिजे. रॉकेल, डांबरगोळ्यांची पूड किंवा जळती काडी हे उपाय कोणी सुचवले तर हात जोडून नको म्हणा. प्रत्येक फेरीनंतर कानाच्या पाळीत, पट्ट्याखाली, बगलेत आणि पायाच्या बोटांमध्ये बोटांनी चाचपून पाहावे आणि सापडलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा. गोचिडांमधून येणारा ताप भारतभर आढळतो. कुत्रा खाणे सोडतो, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. यातले काहीही दिसले तर पुढचा मुक्काम रद्द करून दवाखाना गाठावा.

आंघोळीचा दिवस येईल तेव्हा ती दोन बादल्या पाण्यात कशी करावी हे थोडे सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न फिरत्या घरांतून बऱ्याच जणांना पडतो. आधी कोरड्या अंगावर रबरी ब्रश फिरवून गळणारे केस काढून घ्यावेत. ते ओले झाले की पाणी आत जाऊ देत नाहीत आणि निम्मे पाणी वाया जाते. पाणी घालायला शेतीच्या दुकानात मिळणारा हाताने दाबायचा पाच-आठ लिटरचा फवारणी पंप उत्तम, फक्त तो नवा कोरा हवा; ज्यात एकदा कीटकनाशक पडले तो पंप कितीही धुतला तरी कुत्र्याच्या जवळ आणू नये. केसांच्या उलट दिशेने फवारा मारला की थोड्या पाण्यात कातडी भिजते. कुत्र्यांचा शाम्पू थेट अंगावर न ओतता मगभर पाण्यात कालवून मानेपासून शेपटीकडे चोळावा. तोंडाला फक्त ओले फडके, कानात कापसाचे बोळे. पाण्याचा मोठा हिस्सा साबण काढण्यासाठी राखून ठेवावा, कारण मुळाशी राहिलेला साबण हे खाजेचे आणखी एक कारण असते. मग पाठीवरून आणि पायांवरून तळहाताने पाणी निथळून काढावे, त्याला मनसोक्त अंग झाडू द्यावे आणि त्यानंतर दोन टॉवेल वापरावेत. हे सगळे सकाळी नऊ-दहाच्या सुमारास करावे, म्हणजे संध्याकाळी गाडीत शिरताना आतला थरही सुकलेला असतो. गाड्या धुण्याच्या सेंटरवर पैसे देऊन दोन बादल्या पाणी जरूर मागावे, पण तिथली प्रेशरची गन कुत्र्यावर मारू देऊ नये. शहरातून जाणे होईल तेव्हा ग्रूमिंगच्या दुकानात नेऊन ब्लोअरने पूर्ण वाळवून घेणे हा खर्च मला वायफळ वाटत नाही.

मधल्या दिवसांत पाय, पोट आणि शेपटीखालचा भाग ओल्या फडक्याने पुसला की पुरते. चिखलाचे तर मुळीच वाटून घेऊ नये. तो वाळू द्यावा आणि मग ब्रशने झाडावा.

आता घाटावरच्या बायकांबद्दल. त्यांचे बोलणे तुम्हाला लागले, हे पत्रातून कळते. पण मी त्यांच्या बाजूची आहे. एप्रिलमध्ये ज्या गावात टँकर येतो किंवा जिथे एकाच डोहावर धुणे, गुरे आणि प्यायचे पाणी चालते, तिथे बाहेरून आलेल्या गाडीने साबण लावलेला कुत्रा पाण्यात सोडणे कोणालाही आवडणार नाही, आणि यात कुत्र्यांचा द्वेष शोधण्याचे कारण नाही. हापसा, घाट आणि सार्वजनिक विहीर या तीन जागा आंघोळीसाठी कायमच्या वर्ज्य धराव्यात. साबणाचे पाणी वाहत्या पाण्यापासून किमान दोनशे फूट दूर, झुडपाच्या मातीत जिरवावे. शिवाय नदीवरची आंघोळ कुत्र्यालाही नेहमी सुरक्षित नसते. उंदीर आणि गुरे यांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात आणि चिखलात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. कोकणात पावसाळ्यात आणि त्यानंतर भातशेतीच्या भागात माणसांनाही हा आजार होतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. कुत्र्यांच्या वार्षिक लसीत लेप्टोचा समावेश आहे की नाही, हे लसीच्या पुस्तिकेत पाहून घ्या, पण लस त्याच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही. उन्हाळ्यात हिरवी-निळी साय धरलेले तळे दिसले तर त्यात कुत्र्याचे तोंडही लागू देऊ नये. त्या शेवाळाचे विष काही तासांत जीव घेऊ शकते.

लाल कानाचे मूळही बहुधा या पाण्यातच आहे. लॅब्राडॉरचे कान पडलेले असतात, आत गेलेले पाणी सुकत नाही आणि तिथे बुरशी वाढते. त्यावर घरातले जुने थेंब घालू नका. कानाच्या पडद्याला इजा असेल तर चुकीचे औषध नुकसान करते. कान डॉक्टरांनी आतून पाहिलाच पाहिजे.

व्यायामाकडे वळते. तुम्ही लिहिता, ‘ज्या दिवशी मैदान मिळते त्या दिवशी तो तासभर चेंडूमागे पळतो, तरी रात्री भुंकतोच.’ हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले, कारण त्यात तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. पळूनही तो शांत होत नसेल, तर त्याला पळण्याची उणीव नाही. रोज संध्याकाळी नव्या जागी, नव्या आवाजांत आणि अनोळखी कुत्र्यांच्या वासात त्याला झोपावे लागते; तो राखण करतो आहे. प्रौढ कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो, आणि चालत्या गाडीत त्याला लागते ती झोप नव्हे. खिडक्यांना जाड पडदे लावावेत, त्याचे अंथरूण गाडीत एकाच कोपऱ्यात ठेवावे आणि फिरणे, खाणे, झोपणे यांचा क्रम गाव कोणतेही असले तरी बदलू नये.

चेंडूऐवजी दहा मीटरची नायलॉनची दोरी घ्या. ती गळ्याच्या पट्ट्याला न अडकवता हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला, अडकवा आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास त्याला हुंगत हुंगत, त्याच्या गतीने चालू द्या. दर दहा पावलांवर थांबणारा कुत्रा आपल्याला आळशी वाटतो, पण हुंगण्यात त्याचे डोके थकते आणि ते थकणे त्याला झोप देते. ज्या दिवशी पाऊस किंवा ऊन बाहेर पडू देत नाही, त्या दिवशी त्याच्या जेवणातला अर्धा भाग जुन्या टॉवेलच्या घड्यांत, पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा गाडीभोवती लपवून शोधायला लावा. चार वर्षांच्या लॅब्राडॉरला चावायलाही काहीतरी हवे असते. नऊ वर्षांच्या कुत्रीला मात्र त्याच्या मापाने फिरवू नका. दोघांना वेगवेगळे नेण्याची सवय लावलीत तर तिचीही सुटका होईल. भरल्या पोटी धावणे दोघांनाही नको, विशेषतः खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. खाण्यानंतर तास-दोन तास जाऊ द्यावेत.

जागा निवडताना गावाबाहेरचे रिकामे माळरान मोहात पाडते, पण आधी टपरीवर चहा घेऊन ‘इकडे कुत्री फिरवली तर चालेल का, कुठे जाऊ नये’ एवढे विचारावे. बिबट्या, धनगरांचे कळप, उसात टाकलेले विषारी आमिष यांची माहिती तिथेच मिळते. कोकणातल्या कातळावर फुरसे असते, ते दगडांच्या रंगात मिसळून जाते, म्हणून दगडांच्या राशीत कुत्र्याला नाक खुपसू देऊ नये. काँक्रीटचे अस्तर केलेल्या कालव्याच्या भरावावर दोरी सोडणे तर जिवावरचे आहे; उताराची गुळगुळीत भिंत चढून कुत्र्याला बाहेर येता येत नाही. अभयारण्यांच्या आसपास दोरी सुटता कामा नये, कारण धोका दोन्ही बाजूंनी असतो: कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेम्पर या रोगाचा विषाणू 2018 साली गीरच्या सिंहांमध्येही सापडला होता. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि कुत्री ती घरटी उकरतात, त्यामुळे तिथेही दोरी हातातच हवी. समुद्रावर स्वतःचे पिण्याचे पाणी न्यावे. खारे पाणी पोटात गेले की उलट्या-जुलाब होतात, आणि फार प्यायले गेले तर ते गंभीर ठरते. खेळ झाल्यावर गोड्या पाण्याने खळबळून घेतले की झाले, साबण नको.

वस्तीतल्या कुत्र्यांची भीती तुम्ही लिहिली आहे आणि ती खरी आहे. पहाटे अंधारात आणि रात्री उशिरा ती आपल्या हद्दीबद्दल अधिक कडवी असतात. सूर्य वर आल्यावर, माणसांची वर्दळ सुरू झाल्यावर निघावे. टोळी समोर आली तर पळू नये, आपल्या कुत्र्याला उचलू नये, त्याला पाठीमागे घेऊन तिरके चालत दूर जावे. बंद छत्री एकदम उघडली तर बहुतेक कुत्री थबकतात. या गाठीभेटींसाठी रेबीजची लस वेळेवर हवी आणि तिचा दाखला गाडीत हवा. आणखी एक सवय सगळ्यांत आधी लावा: दार उघडले तरी सांगेपर्यंत उतरायचे नाही. गाडीतून प्रवास करणाऱ्या कुत्र्यांना मोठा धोका उघड्या दारातून मारलेल्या उडीचा असतो. समृद्धीसारख्या वेगवान महामार्गावर तर कडेला थांबून कुत्रा उतरवूच नये, विश्रांतीची सोय असलेली जागा येईपर्यंत थांबावे.

उन्हाबाबत मी कडक बोलणार आहे. बाहेर 24 अंश असताना बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत 34 च्या आसपास जाते, आणि काच बोटभर खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. मग विदर्भातल्या मे महिन्याची कल्पनाच करवत नाही. देवदर्शन असो वा जेवण, दोघांपैकी एकाने कुत्र्यांजवळ थांबायचे, हा नियम मोडू नका. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर तिथे पंजेही टेकवू नयेत. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 101 ते 102.5 फॅरेनहाइट असते. जोरजोरात धापा, गडद लाल हिरड्या, लाळ आणि झोकांड्या दिसल्या की सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि तसेच दवाखान्यात न्यावे. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता आतच कोंडते.

या साऱ्यातून माझे मत एका ठिकाणी येते: तुमचा प्रवास थांबवायची गरज नाही, तो हळू करायची गरज आहे. रोज मुक्काम बदलताना कुत्र्यांना मैदान, पाणी, डॉक्टर आणि शेजारची कुत्री सगळेच रोज नव्याने शोधावे लागते, आणि तुम्हालाही. एका जागी पाच-सात रात्री राहिलात तर दुसऱ्या दिवसापासून त्यांची वाट ठरते, तिसऱ्या दिवसापासून तिथली कुत्री ओळखू लागतात आणि आंघोळीला ऊन कुठे मिळेल हे तुम्हाला कळते. हलायच्या दिवशीही तीन-चार तासांहून अधिक गाडी चालवू नये आणि मध्ये दोनदा उतरवावे. पायी फिरणारे जैन साधू चातुर्मासात एका गावी थांबतात. तुम्हीही पावसाळ्याचे चार महिने एखादे अंगण असलेले घर भाड्याने घेऊन थांबावे, असे सुचवते. ओली गाडी, जळवा, गोचीड आणि बुरशी यांच्याशी झगडण्यात प्रवासाचा आनंद उरत नाही. मे महिना थंड प्रदेशात घालवायचा असेल तर लडाखसारख्या उंचीवर घाईने चढू नका. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे, तिथे पहिले काही दिवस कुत्र्यांनाही विश्रांतीच द्यावी आणि आंघोळ तर खाली उतरेपर्यंत विसरावी.

राहिले दिरांचे शेत. यजमानांची सूचना निर्दयपणाची आहे असे मला वाटत नाही. रात्रीच्या झोपेचे खोबरे झालेल्या माणसाला असे वाटणारच. पण शेत म्हणजे मोकळीक, हे तपासल्याशिवाय मानू नका. कितीतरी शेतांवर कुत्रे दिवसभर साखळीला आणि रात्री राखणीला असते. तिथे त्यांना कोण फिरवणार, औषध कोण देणार, फवारणीच्या दिवसांत ती कुठे असतील, हे दीर-जावांशी मोकळेपणाने बोला. बोलून समाधान झाले तर भर उन्हाळ्याचे दोन महिने दोघांना एकत्र तिथे ठेवणे हा चांगला मधला मार्ग होऊ शकतो. दोघांची ताटातूट मात्र करू नका. नऊ वर्षांची कुत्री गाडीत चढताना कचरू लागली, जिना किंवा रॅम्प लावूनही उतरायला तयार होईना, तर तिच्यासाठी स्थिर घराचा विचार लवकर करावा लागेल, आणि तेव्हा तो तिला टाकून देण्याचा निर्णय नसेल.

ठेवायचे असो वा सोबत न्यायचे, पुढच्या तालुक्याच्या गावी आधी लॅब्राडॉरचा कान दाखवा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गुरांचे काम जास्त असते, तेव्हा सकाळी लवकर जा, लसींची पुस्तिका न्या आणि गोचिडांच्या गोळीबद्दल विचारण्याआधी दोन्ही कुत्र्यांची वजने करून घ्या, कारण मात्रा वजनावर ठरते. येणाऱ्या रविवारची आंघोळ मात्र रद्द करा.